आर्च हाताने टाकताना गाडी नेमकी कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा: उबुंटू बरीच वर्षं वापरलेल्या एकाने आर्च लिनक्स (उबुंटूसारखीच लिनक्सवर आधारलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) कमांड लाइनवरून टाकायला घेतलं. एका व्हिडिओतल्या कमांड जशाच्या तशा दिल्या. पहिल्या खेपेला रीस्टार्ट केल्यावर मशीन म्हणालं, बूटेबल डिव्हाइस नाही. सगळं पुसून पुन्हा केलं, तर लॉगिन आलं, पण इंटरनेट नाही आणि फाइल उघडायला नॅनो हा साधा एडिटरसुद्धा नाही. चुकलं कुठे, आणि एवढा मोठा क्रम लक्षात कसा ठेवायचा?

क्रम पाठ करायच्या भानगडीत पडू नका. पाठ झाला तरी वर्षा-दोन वर्षांत त्यातलं काहीतरी बदलतंच. त्यापेक्षा पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत काय घडतं ते डोक्यात बसवा. आधी मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे त्यात आधीच भरलेला प्रोग्राम, जागं होतं. ते ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइलींसाठी राखलेला डिस्कचा भाग) बूटलोडर, म्हणजे सिस्टम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, शोधतं. बूटलोडर कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइलसिस्टम मेमरीत चढवतो. तिच्यातले प्रोग्राम खरं रूट पार्टिशन (मुख्य सिस्टम जिथे असते ते) शोधून माउंट करतात, म्हणजे वापरासाठी जोडतात, आणि ताबा सिस्टमडीकडे देतात. सिस्टमडी बाकीच्या सेवा उठवतं, लॉगिन दाखवतं. इन्स्टॉल करणं म्हणजे यातल्या प्रत्येकाला पुढचा कुठे सापडेल ते लिहून ठेवणं, बस.

एवढं कळलं की तुमच्या दोन्ही तक्रारी वेगळ्या दिसायला लागतात. ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ हे फर्मवेअरचं वाक्य आहे. त्याला बूटलोडरच मिळाला नाही. कर्नल, एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी), पासवर्ड यांच्यापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. म्हणजे सगळं पुसायची काही गरज नव्हती. दुसऱ्या खेपेला तर अख्खी साखळी बरोबर जुळली होती, फक्त दोन-तीन पॅकेजं राहिली. तेव्हाही पुसायची गरज नव्हती.

आता व्हिडिओबद्दल. तो कोणत्या सालचा आहे ते आधी बघा. जड व्हिनेट यांनी मार्च २००२ मध्ये आर्चची पहिली आवृत्ती काढली, आणि नंतर बराच काळ त्यासोबत मेनू असलेला इन्स्टॉलर येत असे. २०१२ मध्ये तो काढून टाकला आणि पॅकस्ट्रॅप, जेनएफएसटॅब, आर्च-सीएचरूट या तीन छोट्या स्क्रिप्ट आल्या. आज आपण ज्याला हाताने इन्स्टॉल करणं म्हणतो ते तेव्हापासूनचं. पण खरा खड्डा ऑक्टोबर २०१९ चा आहे. तोपर्यंत ‘बेस’ हा पॅकेजांचा गट होता आणि कर्नल त्यातच यायचा. नंतर बेस हे एकच मेटापॅकेज (इतर पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज) झालं आणि कर्नल, फर्मवेअर, एडिटर, मॅन पेजेस हे सगळं बाहेर राहिलं. त्याआधीचा व्हिडिओ बघून नुसतं ‘बेस’ टाकलंत तर डिस्कवर कर्नलच नसतो. कमांड मात्र कुठलीही एरर न देता पूर्ण होते, म्हणून शंका येत नाही. तेव्हा व्हिडिओ मनोरंजनासाठी ठेवा आणि काम आर्च विकीवरच्या इन्स्टॉलेशन गाइडवरून करा. कमांडचं नेमकं स्पेलिंग तिथून घ्या. इथे मी क्रम आणि त्यामागची कारणं सांगतो. गाइड वाचायला दुसरं उपकरण हाताशी नसेल तरी अडत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल करण्यासाठी ज्यावरून आर्च चालवतात त्यावर) आल्टसोबत बाणाचं बटण दाबलं की दुसरा कन्सोल उघडतो, त्यावर तेच गाइड लिंक्स (Lynx) या ब्राउझरमध्ये उघडून ठेवता येतं.

सुरुवात पेनड्राइव्हपासून. आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायची सिस्टमची फाइल, दर महिन्याला नवीन निघते, ताजीच घ्या आणि चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) ताडून बघा. त्यासाठी डीडी ही कमांड वापरत असाल तर लिहायचं ते अख्ख्या उपकरणावर, म्हणजे एसडीबी वर, एसडीबी१ वर नव्हे. आणि एंटर दाबण्यापूर्वी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून साइज बघा. डीडी काहीही विचारत नाही. चुकीचं अक्षर दिलंत तर तुमच्या फोटोंवर आयएसओ बसते. अधिकृत आयएसओ सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असताना बूट होत नाही, म्हणून ते फर्मवेअरमध्ये तात्पुरतं बंद करावं लागतं. शेजारी विंडोज असेल आणि तिथे बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल, तर या सेटिंगला हात लावायच्या आधी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून घ्या. नंतर विंडोज ती मागणार, आणि तेव्हा ती त्याच डिस्कवर कुलूपबंद असून उपयोग नाही.

पेनड्राइव्हवरून बूट करताना फर्मवेअरचा मेनू नीट वाचा. बऱ्याच मशीनवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा आधी ‘युईएफआय’ लावून. नुसतं नाव निवडलंत तर मशीन नव्या युईएफआयऐवजी जुन्या बायोस पद्धतीने उठतं. लाइव्ह सिस्टम तेव्हाही तशीच दिसते, तसाच प्रॉम्प्ट, तसंच इंटरनेट. फरक तासाभराने, बूटलोडर टाकताना कळतो. तुमच्या पहिल्या खेपेला हेच झालं असावं असा माझा दाट संशय आहे. म्हणून पहिली कमांड कीबोर्डची किंवा वायफायची नको. /सिस/फर्मवेअर/ईएफआय या फोल्डरमधली एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज ही फाइल कॅट या कमांडने उघडा. ६४ छापलं तर पुढे जा. फाइलच नाही असं आलं तर तिथेच थांबा, रीस्टार्ट करा आणि मेनूतली दुसरी ओळ निवडा.

वायफायसाठी लाइव्ह सिस्टमवर आयडब्ल्यूसीटीएल असतं, दोन मिनिटांचं काम आहे. जोडलं की पिंगने नेट तपासा आणि टाइमडेटसीटीएलने घड्याळ बघा. घड्याळ ही क्षुल्लक बाब वाटते, पण पॅकेजांच्या सह्या तारखेवर तपासल्या जातात. मदरबोर्डची बॅटरी गेलेल्या जुन्या मशीनवर तारीख कित्येक वर्षं मागे असते, आणि पॅकमॅन (आर्चचा पॅकेजं टाकणारा प्रोग्राम) ‘पॅकेज खराब आहे’ म्हणत बसतो. माणूस मिरर (पॅकेजं जिथून उतरतात तो सर्व्हर) बदलत राहतो, दोष घड्याळाचा.

डिस्कची विभागणी हाही टप्पा असा आहे की जिथे चूक परत फिरवता येत नाही, म्हणून इथे घाई नको. नवशिक्यांना मी एफडिस्कऐवजी सीएफडिस्क सुचवतो. त्यात सगळी पार्टिशनं डोळ्यांसमोर असतात आणि ‘राइट’ केल्याशिवाय डिस्कला धक्का लागत नाही. नवीन डिस्कवर जीपीटी टेबल (पार्टिशनांची यादी ठेवायची नवी पद्धत) घ्या. पहिलं पार्टिशन ईएफआयसाठी एक जीबी, प्रकार न विसरता ‘ईएफआय सिस्टम’. मग स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) चार जीबी; हायबरनेट करायचं असेल तर रॅमएवढं ठेवलेलं बरं. उरलेलं सगळं रूटला. होमचं (तुमच्या स्वतःच्या फाइलींचं) वेगळं पार्टिशन पूर्वी सगळेच सुचवायचे. मी आता सुचवत नाही, कारण वर्षभराने एक बाजू भरलेली आणि दुसरी रिकामी असंच चित्र दिसतं. नावांकडे लक्ष असू द्या: साटा डिस्कचं पहिलं पार्टिशन एसडीए१, पण एनव्हीएमई डिस्कचं एनव्हीएमई०एन१पी१. त्यातला ‘पी’ विसरला की कमांड अडते, आणि ‘पी१’ दोन्ही विसरलं तर तुम्ही अख्ख्या डिस्ककडे बोट दाखवताय.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर घाबरू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर स्टोरेज कंट्रोलर रेडच्या किंवा व्हीएमडीच्या मोडमध्ये ठेवलेला असतो, तो फर्मवेअरमध्ये एएचसीआयवर आणावा लागतो. मात्र त्याच डिस्कवर विंडोज असेल तर तयारी न करता हा मोड बदलल्यावर विंडोज उठणार नाही.

फॉरमॅटिंग सरळ आहे: ईएफआयला फॅट३२, रूटला एक्स्ट४, स्वॅपला एमकेस्वॅप आणि लगेच स्वॅपऑन. बीटीआरएफएस (एक्स्ट४ ऐवजीचा दुसरा पर्याय) चांगलं आहे, स्नॅपशॉट मिळतात, पण पहिल्या इन्स्टॉलला सबव्हॉल्यूमची भर कशाला? आणि शेजारी विंडोज असेल तर त्याचं ईएफआय पार्टिशन चुकूनही फॉरमॅट करू नका, विंडोजचा बूटलोडर तिथेच राहतो. ते पार्टिशन बहुतेक वेळा १०० एमबीचं असतं, त्यात कर्नल आणि इनिटरॅमएफएस मावण्याची मारामार. अशा वेळी ते /बूटवर माउंट न करता /ईएफआयवर करा. मग कर्नल रूट पार्टिशनवरच राहतो आणि ग्रब हा बूटलोडर त्याला तिथून वाचतो.

माउंट करताना क्रमाला महत्त्व आहे. आधी रूट /एमएनटीवर, मग ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूटवर. उलट केलंत तर रूट वरून येऊन बसतं आणि खालचं बूट झाकलं जातं. त्यानंतर टाकलेला कर्नल रूटच्या आतल्या साध्या फोल्डरमध्ये जातो, ईएफआय पार्टिशन रिकामंच राहतं. पुढे जाण्याआधी एलएसबीएलके पुन्हा चालवा आणि शेवटच्या रकान्यात दोन्ही माउंट पॉइंट व स्वॅप दिसतायत ना, ते बघा. ही एक नजर पुढचा बराच ताप वाचवते.

मग पॅकस्ट्रॅप, म्हणजे नव्या डिस्कवर पॅकेजं टाकणारी स्क्रिप्ट. बेस, लिनक्स, लिनक्स-फर्मवेअर ही तीन नावं गाइडमध्ये आहेत. त्यांच्या जोडीला मी याच ओळीत आणखी काही देतो: प्रोसेसरप्रमाणे इंटेल-युकोड किंवा एएमडी-युकोड, नेटवर्कमॅनेजर, सुडो, एक एडिटर, आणि मॅन-डीबी. सगळ्या तक्रारींपैकी अर्ध्याअधिक या एका ओळीत मिटतात. लोकांचा समज असा असतो की लाइव्ह पेनड्राइव्हवर नेट चालतंय म्हणजे नव्या सिस्टमवरही चालेल. पण पेनड्राइव्हवरची सिस्टम मेमरीत चालते, तिची हत्यारं आणि तिथे टाकलेला वायफायचा पासवर्ड तिच्यासोबतच जातात. नव्या डिस्कवर तेवढंच असतं जेवढं तुम्ही पॅकस्ट्रॅपला सांगितलंत.

जेनएफएसटॅब जे माउंट केलंय ते बघून एफएसटॅबच्या ओळी बनवतं. मोठ्या यूचा पर्याय द्या, म्हणजे पार्टिशनं युयूआयडी या न बदलणाऱ्या क्रमांकाने ओळखली जातात. एसडीए, एसडीबी ही नावं पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकतात. कमांडमधल्या ‘>>’ या चिन्हामुळे ओळी फाइलच्या शेवटी जोडल्या जातात, म्हणून कमांड दोनदा दिलीत तर सगळं दुप्पट होतं. फाइल कॅटने उघडून बघायलाच हवी: रूटची एक ओळ, बूटची एक, स्वॅपची एक.

आर्च-सीएचरूट केलं की तुम्ही नव्या सिस्टमच्या आत असता. कर्नल अजून पेनड्राइव्हचाच, पण फाइली सगळ्या डिस्कवरच्या. टाइमझोनची लिंक, हार्डवेअर घड्याळ, होस्टनेम ही कामं गाइडप्रमाणे उरकून घ्या. लोकेल, म्हणजे भाषेच्या सेटिंगपाशी मात्र मराठी मंडळींना एक गंमत सुचते. लोकेलच्या यादीत मराठी आहे, त्या ओळीपुढचं हॅश काढलं की तयारही होतं, आणि मोह होतो की लँग ही सिस्टमची भाषा ठरवणारी सेटिंगच मराठी करून टाकावी. आत्ता करू नका. लिनक्सच्या कन्सोलला जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवता येतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही, त्यामुळे एरर मेसेजच्या जागी चौकोन दिसतील. मराठी आणि अमेरिकन इंग्रजी दोन्ही लोकेल तयार करून ठेवा, लँग सध्या इंग्रजी असू द्या. डेस्कटॉप चढला, नोटो फॉन्ट आले, टायपिंगसाठी एफसीआयटीएक्स५ आणि एम१७एन बसलं, की मग खुशाल बदला.

रूट या मुख्य युजरचा पासवर्ड इथेच द्यायचा. टाइप करताना स्क्रीनवर काहीही उमटत नाही, तारेसुद्धा नाहीत. ते तसंच असतं. लगेच स्वतःचा युजर व्हील गटात घालून बनवा आणि व्हीसुडोने व्हीलच्या ओळीपुढचं हॅश काढा, म्हणजे त्या युजरला सुडोने रूटची कामं करता येतील.

आता बूटलोडर, म्हणजे तुमच्या पहिल्या खेपेचा गुन्हेगार. ग्रबसाठी ग्रब आणि ईएफआयबूटएमजीआर ही दोन पॅकेजं लागतात. ग्रब-इन्स्टॉल दोन कामं करतं: ईएफआय पार्टिशनवर बूटलोडरची फाइल ठेवतं आणि मदरबोर्डच्या मेमरीत तिची नोंद करतं. ही नोंद करायला लाइव्ह सिस्टम युईएफआय पद्धतीनेच उठलेली असावी लागते. बायोस पद्धतीने उठली असेल तर ‘ईएफआय व्हेरिएबल्स या सिस्टमवर नाहीत’ अशा अर्थाची ओळ येते, आणि नेमकी ती ओळ घाईत वरून निघून जाते. काही फर्मवेअर इतकी विसराळू असतात की नोंद होऊनही रीस्टार्टनंतर गायब होते. त्यांच्यासाठी ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय देऊन ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवा. मग फाइल ईएफआय/बूट या ठरलेल्या जागी बूटएक्स६४ नावाने बसते, जिथे फर्मवेअर नोंद नसली तरी डोकावतं.

दुसरी पायरी ग्रब-एमकेकॉन्फिग. ती विसरलीत तर रीस्टार्टनंतर मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. तिचं आउटपुट वाचा. ‘फाउंड लिनक्स इमेज’ आणि त्याखाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’ या दोन ओळी यायलाच हव्यात. पहिली आली नाही तर /बूटमध्ये कर्नल नाही, म्हणजे २०१९ चा खड्डा. रीस्टार्ट करायच्या आधी चूक पकडायची ही शेवटची जागा आहे.

मशीनवर आर्च एकटंच राहणार असेल तर मी स्वतः ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट घेतो. ते सिस्टमडीसोबतच आलेलं असतं, आणि त्याची सगळी सेटिंग दोन छोट्या मजकूर फाइलींत मावते. कर्नल कुठे, इनिटरॅमएफएस कुठे, रूट कोणतं, हे स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, म्हणून कळतंही. अट एवढीच की कर्नल त्याला दिसेल अशा जागी हवा, म्हणजे सरळ हिशेबाने ईएफआय पार्टिशन /बूटवरच माउंट केलेलं हवं. १०० एमबीवाल्यांनी ग्रबच बरा.

बाहेर पडण्याआधी सिस्टमसीटीएल इनेबल नेटवर्कमॅनेजर ही कमांड द्या. पॅकेजचं नाव सगळं लहान लिपीत, पण सेवेच्या नावात एन आणि एम मोठे. लहान टाकलंत तर अशी सेवाच नाही म्हणतो. सीएचरूटमध्ये इनेबल चालतं, कारण ते फक्त लिंक बनवतं. स्टार्ट चालत नाही, कारण आतला सिस्टमडी उठलेलाच नाही, त्यामुळे त्या एररने गोंधळू नका. मग एक्झिट, अनमाउंट, रीबूट.

तुमच्या दुसऱ्या खेपेचं इन्स्टॉल अजून डिस्कवर असेल तर ते तसंच राहू द्या. पेनड्राइव्ह लावा, वायफाय जोडा, रूट आणि बूट त्याच क्रमाने माउंट करा. फॉरमॅट नाही, पॅकस्ट्रॅप नाही. थेट आर्च-सीएचरूट करा, पॅकमॅनने नेटवर्कमॅनेजर, नॅनो आणि सुडो टाका, सेवा इनेबल करा, बाहेर या. दहा मिनिटांचं काम आहे. हीच वाट पुढे पासवर्ड विसरल्यावर, ग्रब बिघडल्यावर, एफएसटॅबमध्ये चूक झाल्यावर उपयोगी पडते. हाताने इन्स्टॉल करण्याचा मला दिसणारा खरा फायदा हाच: बंद पडलेल्या सिस्टमच्या आत पुन्हा कसं शिरायचं ते एकदा हाताखालून गेलेलं असतं. बाकी ‘हाताने टाकलं म्हणून सिस्टम वेगवान होते’ वगैरे गप्पा आहेत. एप्रिल २०२१ पासून आयएसओवर आर्चइन्स्टॉल नावाचा मेनूवाला इन्स्टॉलर आहे, आणि मशीन उद्या सकाळी कामाला हवं असेल तर निःसंकोच तोच वापरा. सराव व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर सेटिंगमध्ये ईएफआय आधी चालू करून घ्या, नाहीतर वरचं अर्धं उत्तर तिथे लागू पडणार नाही.

अपडेटबद्दल दोन गोष्टी, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. पॅकमॅनला मोठा एस आणि वाय देऊन एखादंच पॅकेज टाकायची सवय लावू नका. त्याने यादी ताजी होते, पण बाकीची सिस्टम जुनीच राहते, आणि नवं पॅकेज नव्या लायब्ररी मागतं. आर्चमध्ये अर्धवट अपडेटला आधार नाही. अपडेट करायचं तर यू लावून सगळ्या सिस्टमचं. त्याआधी आर्चच्या मुखपृष्ठावरच्या बातम्यांवर नजर टाका, कधीकधी हाताने काहीतरी करायला सांगितलेलं असतं.

दुसरी गोष्ट जरा फसवी आहे. एखाद्या दिवशी अपडेटनंतर मशीन उठतं, पण वायफाय नाही, यूएसबी लावला तर दिसत नाही, मॉड्यूल (कर्नलचा ड्रायव्हरसारखा तुकडा) लोड होत नाही म्हणतो. अशा वेळी यूनेम आर चालवून कर्नलची आवृत्ती बघा आणि पॅकमॅनला विचारा की लिनक्स पॅकेज कोणतं बसलंय. आकडे जुळत नसतील आणि मध्ये रीबूटही झालेलं असेल, तर अपडेटच्या वेळी /बूट माउंट नव्हतं. नवा कर्नल रूटवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये उतरला, जुन्याची मॉड्यूलं काढली गेली, आणि बूटलोडर ईएफआय पार्टिशनवरचा जुनाच कर्नल उठवतोय. एफएसटॅबमधली बूटची ओळ तपासा, /बूट माउंट करा आणि लिनक्स पॅकेज पुन्हा टाका; फॅटचं मॉड्यूलही गेल्यामुळे /बूट माउंट होत नसेल तर हेच काम वरच्यासारखं पेनड्राइव्हवरून आर्च-सीएचरूट करून करा. नेट नसलं तरी चालतं, पॅकेज पॅकमॅनच्या कॅशमध्ये सहसा पडलेलं असतं. त्या फाइलचा पत्ता देऊन पॅकमॅनच्या मोठ्या यूच्या पर्यायाने टाकता येतं.